खण न आलेली घरं

शाहूमहाराजांच्या अमदानीत नोकरी मागायची म्हणजे आधी अर्ज, आणि अर्ज म्हणजे कचेरीबाहेर चटईवर बसणारे जयपालअण्णा. अण्णांच्या अक्षराला नाव ठेवायला जागा नव्हती. मजकुराला होती, पण अर्ज लिहून घेणाऱ्यांना वाचता येत नसल्यामुळं ते कुणी ठेवलं नव्हतं.

चाँदबी सुईण मात्र म्हणाली, "वाचून दावा."

गगनबावड्याच्या दवाखान्यात सुईण नेमायची होती. चाँदबीचा नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. दिराच्या घरात ती उपरी होऊन राहत होती, आणि या नोकरीत राहायला खोली होती. त्या खोलीसाठी ती घाटमाथ्याच्या पावसातही जायला तयार होती.

अण्णांनी वाचलं. सासरा पागेत नालबंद, नवरा पखालीनं पाणी वाहणारा पखालजी, दोघांची इमानी चाकरी. दोन पानं त्यातच भरलेली. शेवटी, 'सबब या निराधार विधवेवर दया व्हावी.'

"आन् मी कुठं हाय ह्यात?"

"शेवटी आहेस की. निराधार."

"बाळंतपणं सासऱ्यानं केली व्हय, अण्णा?"

मागं ताटकळलेला एक पावणा फिसकन हसला. अण्णांनी चष्मा सारखा केला. "बरं, किती केलीस?"

ते काही तिला सांगता येईना. घरी जाऊन ती आपली वाकळ घेऊन आली. बाळाच्या पाचवीला सुईणीला खण द्यायची रीत; अशा प्रत्येक खणाची बोटभर पट्टी तिनं त्या वाकळेला जोडली होती. अण्णांनी पट्ट्या मोजल्या आणि ऐटीत लिहिलं, 'एकशे चौसष्ट बाळंतपणं, सर्व सुखरूप.'

"समदी न्हवं," चाँदबी म्हणाली. "जितं पाचवीच झाली न्हाई तितनं खण कुठला यायचा? ती घरं ह्यात न्हाईत. मला तोंडपाठ हायत. अकरा पोरं गेली. तीन आया."

अण्णांनी बोरू खाली ठेवला. "बाई, नोकरी मागायला आलीस का गुन्हा कबूल करायला?"

"वाचणारा डाक्टरच न्हवं? एकबी गेलं न्हाई म्हणलं तर त्यो म्हणंल, ही खोटं तरी बोलती न्हाईतर मोजत तरी न्हाई. लिवा. तिघींतल्या दोघींचं मूल आडवं हुतं, आन् मीच खटपट करत बसले. आता आधी हात दिसला की मी गाडी जुंपाय लावते. तशा चार मोठ्या दवाखान्यात धाडल्या, तिघी वाचल्या; चौथी तितं गेली, ती ह्या तिघींत न्हाई. ह्येबी लिवा."

अण्णांनी लिहिलं. "सासऱ्याचं काढून टाकू?"

"एक वळ राहू द्या. घोड्यांस्नी लई जपायचा."

आठ दिवसांनी बोलावणं आलं. डॉक्टरांपुढं तीन अर्ज होते. बाकी दोघींच्या अर्जांत सगळंच सुखरूप होतं. ते त्यांनी बाजूला सारले.

"तिसरी आई कशानं गेली?"

"रगत थांबलं न्हाई, सायेब."

"मग काय केलंस?"

"येत हुतं ते समदं. मग हात धरून बसले."

डॉक्टरांनी तिच्या अर्जावर दोन शब्द लिहिले. मग म्हणाले, "तीन महिने काम बघू. खोली गळते, आधीच सांगतो."

"गळू दे. किल्ली माझ्याकडंच राहील न्हवं?"

"तुझ्याचकडं."

परवाच्या बैलगाडीनं जाते, असं चाँदबी म्हणाली.