स्वामींच्या छातीवरचे वळ

फाट्! फाट्! हयवदनस्वामींनी स्वतःच्याच उघड्या छातीवर वेत ओढला आणि बसवनगुडीतल्या त्या मांडवात तीनशे माणसांचे श्वास अडकले. हळदीनं माखलेल्या अंगावर रक्तासारखे लालभडक वळ उठले.

"कोणाला लागलं?" स्वामी गरजले.

"देहाला!" मांडव ओरडला.

"मग मी कोण?"

"आत्मा!"

नागोजी शिष्यानं तांब्यातलं तीर्थ छातीवर ओतलं. बघता बघता वळ मावळले, अंग पुन्हा पिवळंधमक! बायका हुंदके देऊ लागल्या.

"देह म्हणजे भाड्याची खोली," स्वामी म्हणाले. "खोली गळली, म्हणून भाडेकरू भिजतो काय?"

'भिजतो की! पोरीचं अंथरूणसुद्धा भिजतं,' शुभदा मनात म्हणाली. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती पुण्याहून इथं कानडी मुलखात संसाराला आली होती. तिचा नवरा अरविंद सरकारी कारखान्यात इंजिनियर. दिवसभर मापं तपासणारा हा माणूस रविवारी वेदान्ताच्या वर्गाला आला की डोकं चपलांपाशी काढून ठेवायचा.

वर्गाची रीत ठरलेली. स्वामी विचारणार, 'तू कोण?' साधकानं नाव सांगितलं की पाठीत छडी. गेल्या रविवारी अरविंदनं तीन खाल्ल्या. तीर्थ पडताच तो किंचाळला होता, पाठ अजून चिघळत होती. "पाठ नव्हे, अहंकार चिघळतोय," असं स्वामींनी सांगितलं, आणि त्यालाही ते पटलं!

आज पाळी शुभदा-अरविंदच्या लेकीची, कल्पनाची होती. पाच वर्षांची पोर बोलताना अडखळायची. भीती देहाला असते, ती छडीनंच जाईल, असा स्वामींचा निवाडा. रात्रभर भांडूनही अरविंद ऐकेना. पोरीचा हात धरून तो रांगेत उभा होता.

शुभदाची नजर स्वामींच्या हातावरून हलत नव्हती. स्वतःला मारायचा वेत ते आधी 'गंगाजळा'च्या घागरीत बुडवायचे. लोकांसाठी छडी वेगळी, कोरडी. आणि हे गंगाजळ दुधासारखं पांढुरकं कसं?

शेजारच्या वसुमतीअक्का स्वामींना ओवाळायला तबक घेऊन बसल्या होत्या. तबकात लाल पाणी.

"अक्का, हे पाणी लाल कशानं करता हो?"

"अय्यो, हे काय विचारणं? हळदीत स्वल्प चुना कालवायचा. तुमच्या पुण्यात ओवाळत नाहीत काय?"

शुभदाची नजर तबकावरून घागरीतल्या पांढुरक्या पाण्याकडे गेली.

"तू कोण?" व्यासपीठावरून आवाज आला.

"क... क... कल्पना."

छडी उठली. शुभदा माणसं तुडवत धावली आणि पोरीवर पडली. फटका तिच्या दंडावर बसला. कातडी फाटून रक्त कोपरापर्यंत ओघळलं. दुसऱ्या हाताचा पंजा तिनं घागरीत बुडवला आणि स्वामींच्या छातीवर टेकवला.

पिवळ्या छातीवर पाच लाल बोटं उमटली.

"मी मारलं नाही, नुसता हात ठेवला!" ती ओरडली. "मग हे वळ कुठले? घागरीत चुना आहे, अंगावर हळद. आणि हे तीर्थ? लिंबूपाणी!" नागोजीच्या हातातला तांब्या ओढून तिनं त्या छातीवर कलता केला. लाल बोटं पुन्हा पिवळी झाली. उरलेलं तिनं स्वतःच्या दंडावर ओतलं. कळ मस्तकात गेली, रक्त मात्र वाहतच राहिलं. "बघा! खरी जखम जात नाही!"

वसुमतीअक्कांनी स्वामींचा वेत उचलून वाकवला. "अरे, हा तर मधोमध चिरलाय! नुसता वाजतो, लागत नाही. रोज हातानं हळद-चुना कालवते मी, आणि मलाच कळू नये?"

मांडव उसळला. नागोजीचे दात पडले. अरविंदनं कोरडी छडी हिसकावली आणि स्वामींवर सपासप ओढली.

"मेलो! मला लागलं हो, मला!" आत्मा आडवा पडून बोंबलू लागला.

शुभदानं नवऱ्याचं मनगट धरलं. "पुरे!"

"सोड! पोरीला मारत होता तो!"

"आणि पोरीला इथं आणलं कोणी?"

अरविंदचा हात खाली आला. त्यानं कल्पनाकडे पाहिलं. ती आईच्या पाठीमागे लपली, बापाला भिऊन.

'मी कोण' हे खुशाल शोधावं. घरी बसून वाचावं, मनाला विचारावं. त्याला ना छडी लागते, ना चमत्कार. पण कोणी आपलं लेकरू छडीखाली मागितलं, तर आधी स्वयंपाकघरात जावं, चिमूटभर हळदीत चुना कालवावा, वर लिंबू पिळावं आणि डोळे उघडे ठेवून पाहावं.