सात नंबरची बरणी

"मॅडम, सात नंबरची बरणी आत ठिवू का? झाकन गळतंय."

"कृपादानमामा, दरवर्षी प्रॅक्टिकलच्या दिवशीच तुमचं झाकण कसं हो गळतं?" एलिझाबेथ मॅडम हजेरीपटातून मान वर न करता म्हणाल्या. "राहू द्या तिथंच. परजीवीचा नमुना आपल्याकडे तेवढा एकच आहे."

तो तेवढा एकही नव्हता. आणि हे जगात फक्त कृपादानला ठाऊक होतं.

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. या कॉलेजपुरता जो काही होता तो प्राणिशास्त्राच्या कपाटात, त्रेचाळीस बरण्यांत, आणि गेली तीस वर्षं प्रयोगशाळेचा शिपाई कृपादान याच्या ताब्यात. पाठीवर समुद्रफूल मिरवणारा शंखातला खेकडा, शिंपल्याच्या पोटात फुकट बिऱ्हाड केलेला वाटाण्याएवढा खेकडा, अशी सगळी मंडळी. सातव्या बरणीतल्या खेकड्याच्या पोटाखाली साक्युलिना नावाची पिवळट गाठ होती. हा प्राणी खेकड्याच्या अंगभर मुळं पसरतो, अंड्यांच्या जागी स्वतः ठाण मांडतो, आणि खेकडा त्याला पोटची अंडी समजून जपत राहतो.

अकरा वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीत फॉर्मॅलिन बदलताना कृपादानला ती गाठ दिसली. नमुना सडला असं वाटून त्यानं ती चिमट्यानं उपटली, वर जुन्या टूथब्रशनं खेकडा लख्ख घासला आणि गाठ मोरीत सोडून दिली. मग चष्मा लावून लेबल वाचलं.

कुणाच्याच लक्षात आलं नाही. विद्यार्थी पुस्तकात बघून वहीत गाठ काढत, परीक्षक तिला मार्क देत. खेकड्याच्या पोटावरून निघालेली गाठ कृपादानच्या पोटात येऊन बसली होती, आणि तो तिला अकरा वर्षं निमूट जपत आला होता.

आज मात्र बाहेरून आलेले परीक्षक रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वीस वर्षं खेकडेच तपासत होते म्हणे. मॅडमनीच हे कौतुकानं सांगितलं होतं. महिनाअखेर तो रिटायर होणार होता.

टेबलावर बरण्या मांडल्या. प्रत्येकीसमोर दोन मिनिटं, घंटा झाली की पुढं. घंटा कृपादानच्या हातात. एकेक जण सात नंबरपाशी येई, लेबलाच्या जागी चिकटवलेला आकडा बघे आणि खाली मान घालून लिहू लागे. मग रेश्मा आली. हिचा बाप घोडेगावच्या बाजारात गाईंचा व्यापार करायचा. जनावर आधी वाकून खालून बघायचं, हे तिच्या अंगातच होतं. तिनं बरणी उचलली, डोक्याच्या वर धरली आणि बुडातून पाहत राहिली.

कृपादाननं दोन मिनिटांची घंटा सव्वा मिनिटात बडवली.

"मामा, आत्ताच तर आले मी!"

"झालं, झालं. पुढं व्हा."

दुपारी परीक्षक पेपर तपासायला बसले. बरणी त्यांच्या कोपरापाशीच होती.

"सगळ्यांनी साक्युलिना ओळखलाय. ही एक पोरगी लिहिते, 'साधा खेकडा, परजीवी नाही.' शून्य!" ते हसले. "अहो, जरा डोळे उघडून बघायचं!"

"रेश्मा ना? दोन मार्कांनी गेली मग," मॅडम म्हणाल्या. "एक वर्ष आधीच गेलंय बिचारीचं."

"सर, तुम्ही एकदा..." कृपादान पुटपुटला.

"मी काय बघू? हजारोंनी पाहिलेत असले."

म्हणजे सुटला की. परीक्षक बरणीकडं बघणार नव्हते. आता नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्याचा त्याला अकरा वर्षांचा सराव होता. परीक्षकांनी पेपर गठ्ठ्यात सरकवला. कृपादान टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सर, त्या पोरीचं बराबर हाय."

"काय?"

"तिथं काय न्हाई. मीच काढलं. घान समजून. अकरा वर्सं झाली."

"मामा, काय बोलताय हे? महिनाअखेर तुमचा निरोप समारंभ आहे!"

परीक्षकांनी बरणी उचलली, उलटी केली.

"मग बाकीच्या सतरा जणांना दिसलं कुठून?"

त्यांनी गठ्ठ्यातून पेपर ओढला आणि शून्य खोडून दोन केले.

"मला प्राचार्यांना सांगावं लागेल," मॅडम हळूच म्हणाल्या. "तोवर कपाटाची किल्ली..."

किल्ली घरच्या किल्ल्यांबरोबर एकाच कडीत होती. कडी जुनी, घट्ट, नखानं उघडेना. कृपादान स्टुलावर टेकला. दोघंही थांबून राहिले. परीक्षकांनी कडी उचकटायला आपलं पेन पुढं केलं.

"न्हाई सर, निघंल."

त्यानं कडी दातांनी ताणली, किल्ली काढली, उष्टी झाली म्हणून सदऱ्याला नीट पुसली आणि मॅडमना उचलता येईल अशी सरळ करून टेबलावर ठेवली.