खांद्याला सोसणारी गोळी

अर्लो स्टेंगरला त्या हंगामात काय मिळायचं होतं, ते आधीच मांडून ठेवतो. नाहीतर पुढे कुणीतरी त्याला बिचारा म्हणायचं. त्याला मिळायचा होता एक खडक. आमच्या शिकारीच्या कॅम्पच्या वरच्या अंगाला, हेमलॉकच्या झाडांनी भरलेल्या दरीवर पुढे आलेली एक सपाट शिळा आहे. हरणांची वाट बरोबर तिच्या खालून जाते. तिथे बसायचा मान अर्लोच्या सासऱ्याचा, क्लाइड रेहरिगचा. खडकावर जो बसतो त्याचं म्हणणं आमच्या खोऱ्यात चालतं. आणि अर्लो हार्डवेअरच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरमागे उभा राहून लोकांना रायफली आणि काडतुसं निवडून देणारा. त्याच्या धंद्याला याहून मोठी पाटी कुठली?

क्लाइड अठ्ठ्याहत्तरीला टेकला होता. उन्हाळ्यात त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदा मला शेवटचा शिंगवाला पाडायचाय. ज्याने दिलेल्या बंदुकीने पडेल, माझ्यामागे खडक त्याचा." क्लाइडला मुलगा नव्हता. जावई अर्लो आणि पुतण्या ग्रँट, दोघंही त्या दिवसापासून म्हाताऱ्याच्या कॉफीत साखर किती याची काळजी करायला लागले.

मी लमार किस्लर. हंगामात लोकांची हरणं माझ्या गॅरेजमध्ये येतात आणि मी ती कापून, सॉसेज भरून देतो. गोळीने आत काय केलं ते सगळ्यात आधी मला दिसतं. त्यामुळे खोऱ्यातल्या फुशारक्यांतली खरी कुठली, हेही.

क्लाइडची अडचण डोळ्यांची नव्हती, उजव्या खांद्याची होती. हरणांसाठीची जुनी थर्टी-थर्टी रायफल उडवली की दुसऱ्या दिवशी त्याला कोटाची बाही चढवता यायची नाही. खारी मारायला त्याच्याकडे लहानशी बावीसची रायफल होती. तिला धक्काच नाही म्हटलं तरी चालेल. ओकच्या शेंड्यावरच्या खारीचं नेमकं डोकं टिपायचा, अंगाचं मांस जराही नासायचं नाही. पण बावीसने हरीण मारणं कायद्यात बसत नाही आणि कुणा शहाण्याच्या मनातही येत नाही.

"पॉप, टू-फॉर्टी-थ्री घ्या," अर्लो काउंटरवरून सासऱ्याला म्हणाला. तेव्हा मी तिथेच सुऱ्यांसाठी धारेचा दगड घेत होतो. "लाथ कमी, वर दुर्बीण. शेतात बिळं करणारे ग्राउंडहॉगही मारा, हरीणही मारा. बंदूक तीच, फक्त काडतूस बदलायचं."

"म्हणजे बायकोसारखी, स्वयंपाकालाही तीच आणि भांडणालाही तीच?" क्लाइड म्हणाला.

"तुमच्याकडे दोन्हीला एकच होती ना?"

"होती. खांदा कुणी घालवला असं वाटतं तुला?"

तर टू-फॉर्टी-थ्री ठरली. निवड चुकीची नव्हती, हे मी आजही म्हणेन.

पुढचं मला नंतर कळलं, पण जागच्या जागी सांगतो. अर्लो आणि क्लाइड जुन्या दगडखाणीत नेम बसवायला गेले. हरणाची जड काडतुसं घातली, तर तेवढ्या धक्क्यानेही म्हातारा घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागला. कागदावर भोकं इकडेतिकडे. मग अर्लोने कुठली ते न सांगता हलकी काडतुसं घातली, ग्राउंडहॉगची, घुशीसारख्या लहान जनावरांची. सगळी भोकं तळहातात मावतील अशी जवळ जवळ पडली. क्लाइडचा चेहरा फुलला. "हीच दे," म्हणाला. "ही खांद्याला सोसतात."

आता हे काडतूस काय असतं हे अर्लोला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्यांदा शिकारीला निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो तेच पाठ केल्यासारखं सांगायचा: हलक्या गोळीचं तांब्याचं साल पातळ, लागल्या लागल्या फुटते, लहान जनावराला ठीक, हरणाला जड गोळी हवी, ती आत घुसते. पण समोर सासरा हसत होता आणि सासऱ्याच्या पाठीमागे खडक दिसत होता. पॉप खांद्याच्या मागे, बरगड्यांत नेम धरतील, तिथे हाड पातळ, भागून जाईल, असं त्याने स्वतःला समजावलं. काडतुसं खोक्यातून काढून म्हाताऱ्याच्या चामडी बटव्यात ओतली. खोक्यावर चित्र ग्राउंडहॉगचं होतं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडत होतं. उजाडून जरा वेळ झाला आणि खडकावरून एकच बार ऐकू आला. आम्ही चढून गेलो तेव्हा क्लाइड उभा होता.

"बाजूने उभा होता," तो म्हणाला. "डावं शिंग खाली झुकलेलं. खांद्यावर धरून दाबला. थर्टी-थर्टीने आयुष्यभर तिथेच मारत आलोय."

दिवस मावळेपर्यंत आम्ही दरी पालथी घातली. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. पावलं होती ती बर्फाने बुजवली.

आमच्या कॅम्पचा नियम जुना आहे. बार काढला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत हरीण आलं नाही, तर शर्टाचा मागचा सोगा कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर ठोकायचा. माझे तिथे इतके आहेत की शिवले तर एक गोधडी होईल. क्लाइडचा एकही नव्हता. सगळ्यांचे सोगे आजवर त्यानेच कापले होते, तेही रमत गमत, भाषण करत.

कात्री ग्रँटने घेतली. "काका, पाठ करा."

क्लाइडने पाठ केली. "शिंग झुकलेलं होतं," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"पुढच्या वर्षापर्यंत त्याला पंख फुटतील," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. एक अर्लो तेवढा ताटातल्या स्क्रॅपलच्या मांसवडीचे बारीक बारीक तुकडे करत बसला होता.

कापून झाल्यावर क्लाइड त्याच्याकडे वळला. "रायफल चांगली आहे तुझी. कागदावर बघितलंय मी. म्हणजे डोळाच गेला माझा. खडक तू घे." ग्रँटचं तोंड उतरलं. अर्लोने मान डोलावली आणि ताट उचलून धुवायला गेला. आम्हाला वाटलं, गहिवरला असेल.

त्या दिवसानंतर क्लाइडने एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. गाडीची किल्ली मुलीला, व्हर्नाला दिली. खारींच्या दिवसांत घरी बसून राहिला. एकदा मी दुकानात गेलो तर अर्लोच्या मागच्या फळीवर ती बावीसची रायफल उभी दिसली, घोड्याला किमतीची चिठ्ठी बांधलेली.

"पॉप म्हणाले, विकून टाक," अर्लो म्हणाला. "दिसत नाही तर ठेवून काय करू, म्हणाले."

"आणि तू मांडलीस?"

"ते रोज विचारतात, गेली का म्हणून."

नाताळ झाल्यावर आमच्याकडे चकमकीच्या दगडाने बार उडवणाऱ्या जुन्या धाटणीच्या बंदुकांचा छोटा हंगाम असतो. नाल्यापलीकडच्या मिरियम हासने तेव्हा एक शिंगवाला आणला. ट्रकच्या मागून ओढून काढताना ती स्वतःशीच पुटपुटत होती.

"हे मांस मी खाणार नाही, लमार. तीन पायांवर चालत होता. बघवेना म्हणून मारला. कुत्र्यांना लागेल तेवढं काढ."

नुसती कातडी आणि हाडं उरली होती. डावं शिंग खाली झुकलेलं. मी कातडी सोलली. खांद्याच्या हाडावर बशीएवढी जखम, वरच्या वर सडलेली, आणि तिच्यात तांब्याचा चुरा आणि शिशाचे कण. आत काही गेलंच नव्हतं. जागा मात्र अशी नेमकी, की मी बोट ठेवून दाखवली असती तरी याहून बरोबर ठेवता आली नसती.

तो चुरा मी कागदात गुंडाळला आणि दुकानात नेऊन काउंटरवर उघडला. "डावं शिंग झुकलेलं होतं," एवढंच म्हणालो.

अर्लोने दाराकडे बघितलं, मग कागदाकडे. मग खाणीतलं सगळं सांगितलं, वर मी लिहिलं तसं.

"तुला कधी समजलं?"

"बार झाला आणि रक्त सापडलं नाही, तेव्हाच," तो म्हणाला. "सांगणार होतो. मग त्यांनी खडक दिला."

"आता सांग."

"लोकांना कळलं तर या काउंटरवर मला कोण विचारेल, लमार? सासऱ्याला हरणासाठी घुशीची काडतुसं देणारा."

"लोकांना सांगायचं का नाही ते तुझं तू बघ. त्याला सांग. नाहीतर मी सांगतो."

नव्या वर्षाच्या दुपारी मी दरवर्षी त्यांच्याकडेच जेवतो, डुकराचं मांस आणि आंबवलेली कोबी. व्हर्ना ॲपल पाय आणायला स्वयंपाकघरात गेली आणि अर्लोने सांगून टाकलं. पटकन, खाली मान घालून, एका दमात. क्लाइडने काटा खाली ठेवला.

"म्हणजे लागली होती."

"बरोबर जागी लागली होती," मी म्हणालो.

"किती दिवस फिरला तो तसा?"

त्याने ते मनातच मोजलं असावं.

"मी कॅम्पमध्ये सांगतो, पॉप," अर्लो म्हणाला. "भिंतीवरून तो सोगा काढतो. खडकही नको मला."

"आणि मग तुला सल्ला विचारायला कोण येईल? ग्रँट?" क्लाइडने स्वयंपाकघराकडे मान हलवली. "तिचं घर त्या काउंटरवर चालतं. सोगा राहू दे. माझंही चुकलंच. बटव्यातलं काडतूस हातात घेतल्यावर वजन कळायला हवं होतं मला." मग तो जरा ताठ बसला. बऱ्याच दिवसांत मी त्याला तसा बसलेला बघितला नव्हता. "म्हणजे डोळा चांगला आहे माझा. अर्लो, उद्या माझी बावीसची घरी घेऊन ये. खारींचे दिवस संपले नाहीत अजून."

अर्लोने व्हर्नाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"कधी गेली?" क्लाइडने विचारलं.

"शनिवारी. रस्त्यावरून जाणारा कुणीतरी होता, बाहेरच्या राज्यातला, ओहायोच्या नंबरपाटीची गाडी. मी शोधतो, पॉप. नाहीतर नवी देतो, तशीच, हुबेहूब."

"नको," क्लाइड म्हणाला. "तिच्या दस्त्यावर माझा गाल बसत होता." व्हर्ना ॲपल पाय घेऊन आली, त्याने दोन तुकडे घेतले आणि ते छान झाल्याचं तिला सांगितलं.

त्यानंतर तो एकदाही जंगलात गेला नाही आणि दोन हिवाळ्यांनी वारला. अर्लोचं दुकान आता बंद आहे, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

हिशेब सरळ आहे. नेम क्लाइडचा, निवड अर्लोची. हरणाने पायापासून सुरुवात करून जिवापर्यंत सगळं भरलं. क्लाइडने शर्ट भरला, खडक भरला, बावीसची भरली, आणि जावयाची अब्रू राखायचा खर्चही स्वतःच्या नावावर घेतला. मिरियमने एक गोळी आणि एक दुपार घातली, तिचं या सगळ्याशी काही देणंघेणं नसताना. अर्लोला खडक मिळाला. पहिल्या वर्षी तो दुपारपर्यंत बसला, बार न काढता खाली आला, आणि कुणी विचारलं तर म्हणाला, काही दिसलं नाही.