एकच वाक्य येणारी लिफ्ट

मित्रांनो, नेरूळच्या एका सात मजली सोसायटीतली मी जुनी लिफ्ट आहे. जाळीच्या दरवाजाची. हल्लीच्या मुलांना माझा दरवाजा हाताने ओढायचा असतो हेच ठाऊक नसतं. ती आत येऊन उभी राहतात आणि मी कधी निघते याची वाट बघत बसतात. अरे, मी कशी निघणार? आधी बाहेरची जाळी लागायला हवी, मग आतली. तोपर्यंत मी जागची हलत नाही आणि गप्पही बसत नाही. 'कृपया दरवाजा बंद करें' असा घोष लावते.

हे एवढं एकच वाक्य मला येतं, तेही हिंदीत. रबाळ्याच्या कारखान्यात मला जोडलं, रंगवलं आणि शेवटी माझ्या टपावर एक छोटी डबी बसवली. त्या डबीत कुणा बाईंचा आवाज होता. त्या बाईंनी ते वाक्य एकदाच म्हटलं असेल आणि सुटल्या असतील. मी मात्र जन्मभर म्हणतेय.

सोसायटीत आले तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! नारळ फुटला, पेढे वाटले, बायकांनी माझ्या दरवाजाला हळदकुंकू लावलं. सातव्या मजल्यावरचे दिलीपराव आणि स्मिताताई पहिल्याच दिवशी त्यांच्या केयूरला घेऊन उगाचच वर आणि उगाचच खाली फिरून गेले. केयूरला माझी बटणं दाबायची भारी हौस. पुढे तो शिकला, नोकरीसाठी बंगळुरूला गेला. जाताना त्याची मोठी बॅग माझ्यात मावत नव्हती, तेव्हा दिलीपराव हसत हसत जिन्याने उतरले होते.

आणि एका सकाळी त्याच दिलीपरावांना खुर्चीत बसवून माझ्यातून खाली नेलं. छातीत कळ आली होती. स्ट्रेचर मावेना, म्हणून खुर्ची. संध्याकाळी स्मिताताई एकट्याच वर आल्या, दिलीपराव पुन्हा कधीच आले नाहीत. सातवा मजला आला तरी दरवाजा उघडायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. मलाही काही बोलता आलं नाही. दरवाजा बंद असला की मी मुकीच असते ना.

तुम्हाला वाटेल, लिफ्टला कसला आलाय एकटेपणा, दिवसभर माणसांची ये-जा. अहो, तीच तर खरी गंमत आहे. माझ्यात माणसं एकमेकांना चिकटून उभी असतात, पण बोलत कुणी नाही. कुणी मोबाइल बघतं, कुणी मजल्याचे आकडे बघतं, कुणी स्वतःच्या चपला. माझ्याशी बोलायचा तर प्रश्नच नाही. मी ओरडले की 'च्यायला, किती टेन्शन देते ही!' म्हणून दरवाजा आपटतात.

माझ्याशी बोलायची एकटी प्रेमला. साताऱ्याकडची बाई, नेरूळगावात भाड्याने राहणारी, आमच्या सोसायटीत कितीतरी वर्षं घरकाम करणारी. मी 'कृपया...' म्हणायला लागले की ती लगेच म्हणायची, "लावते की गं बाय, जरा दम धर! किती वराडशील, घसा बसंल तुजा." आणि दरवाजा हळूच लावायची, झोपलेल्या पोराच्या खोलीचा लावावा तसा. मला एवढं बरं वाटायचं! कधी कधी तर वाटायचं, हिने दरवाजा थोडा उशिरा लावावा, म्हणजे मला अजून एकदा बोलता येईल आणि हिचं उत्तर ऐकता येईल.

मग एकदा सोसायटीने मला सजवायला काढलं. दरवाजा तोच राहिला, पण आत चकचकीत स्टीलचे पत्रे आले, नवा पंखा आला, निळसर दिवे आले आणि मागच्या भिंतीला अख्खा आरसा. पाचव्या मजल्यावरची ऋता कॉलेजला जाताना आरशात बघून म्हणाली, "वॉव, काय मस्त झालीय आपली लिफ्ट!" मी फुलून गेले. माझं कौतुक होऊन किती वर्षं झाली होती.

त्याच आठवड्यात माझ्या नव्या भिंतीवर एक सूचना चिकटवली. 'घरकाम करणाऱ्या महिला, कुरिअरवाले व इतर बाहेरच्या व्यक्तींनी जिन्याचा वापर करावा. आदेशावरून.' सेक्रेटरी नंदकिशोर यांनी ती स्वतः हाताने लावली, चारही कोपरे अंगठ्याने दाबून. मला कुणी विचारलं नाही, आणि माझ्याच अंगावर लावली. म्हणजे नटवलं मला आणि हाकललं प्रेमलाला! असलं नटणं जळो मेलं.

त्यानंतर प्रेमला मला फक्त जाळीतून दिसायची. मी वर जाताना ती चौथ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली असायची, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्यात चपला. तिचे गुडघे दोन्हीही दुखरे. मी समोरून सरकत जायचे, ती माझ्याकडे बघायची आणि मी पुढे निघून जायचे. थांबणं माझ्या हातात नसतं, मित्रांनो. बटण दाबलं जाईल तिथेच मी थांबते.

बरं, हा नियम झाला कसा, तेही मला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून कळलं. मीटिंगमध्ये नंदकिशोर म्हणाले, 'कुणाची हरकत?' आणि कुणीच बोललं नाही. स्मिताताईही मागच्या रांगेत बसून होत्या. त्यांना ते पटलं नव्हतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. लोकांपुढे बोलायचं म्हटलं की त्यांचे हातपाय गार पडायचे. सोसायटीत काही बोलायचं असेल तर ते दिलीपराव बोलायचे.

पण माझ्यात एकट्या असल्या की स्मिताताई बोलायच्या! आरशासमोर उभ्या राहून पदर सारखा करायच्या, घसा खाकरायच्या आणि म्हणायच्या, "नंदकिशोर भाऊजी, मला हा नियम पटलेला नाही." मग मान हलवून पुन्हा, "भाऊजी, तुम्हाला एक सांगायचं होतं. मला हा नियम पटलेला नाही." सातव्यापासून खालपर्यंत त्यांची ही उजळणी चालायची. मी कानात प्राण आणून ऐकायचे. वाटायचं, आज बोलणार, आज नक्की बोलणार! मी तळमजल्यावर थांबायचे, त्या दरवाजा उघडायच्या, समोर नंदकिशोर उभे असायचे, आणि स्मिताताई म्हणायच्या, "आज फारच उकडतंय, नाही?"

"हो ना वहिनी," नंदकिशोर म्हणायचे आणि आत यायचे. संपलं.

मला त्यांचा राग यायचा आणि दुसऱ्याच क्षणी कीव यायची. कारण त्यांची नि माझी गत एकच. पोटात पुष्कळ आणि ओठावर एकच वाक्य, तेही भलतंच. घरी जाऊनही त्यांना बोलायला दुसरं माणूस नव्हतं. प्रेमला यायची तेवढाच वेळ त्या घरात चहा दोन कपांचा व्हायचा.

आणि एक दिवस तेही तुटायची वेळ आली. स्मिताताई पिशवी घेऊन बाजारातून आल्या, आणि जिन्याशी प्रेमला उभी होती. माझा दरवाजा उघडाच होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"ताई, पुढल्या म्हयन्यापास्नं मी येनार न्हाई," प्रेमला म्हणाली. "वरची सगळीच कामं सोडाय लागनार. पाय सुजतोय वो माजा. रातचं झोप न्हाई."

"अगं, आणि मग करणार काय तू?"

"बघू की. खालच्या मजल्याचं कुनी घेतंय का बघते."

स्मिताताईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग प्रेमलाचं मनगट धरलं आणि तिला सरळ माझ्यात ओढून आणलं. किती दिवसांनी तिचे पाय माझ्या फरशीला लागले! मला तर रडूच फुटलं असतं. पण मला एवढंच येतं, म्हणून मी म्हटलं, 'कृपया दरवाजा बंद करें.' प्रेमलाने मात्र उत्तर दिलं नाही. ती भेदरून वॉचमनकडे बघत होती.

वॉचमन जोतीराम, तिच्याच मुलखातला माणूस, धावत आला. "मॅडम, तेवढं नका करू. साहेबांनी मला बजावलंय. तुमाला कोन काय बोलनार न्हाई, पन माजी नोकरी जाईल."

"ताई, ऱ्हाऊ द्या," प्रेमला हात सोडवून घेत म्हणाली. "उगं तमाशा नगं. ह्याच्या पोटावर कशाला पाय?"

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? वर जावं तर जोतीरामची नोकरी, न जावं तर प्रेमलाची कामं.  स्मिताताईंनी खांद्यावरची पिशवी काढली, बटाटे-कांद्यांनी भरलेली जड पिशवी, आणि माझ्या दोन्ही जाळ्यांच्या वाटेत ठेवून दिली.

"आम्ही कुठेच जात नाही," त्या म्हणाल्या. आवाज थरथरत होता. "जोतीराम, तुम्ही तुमच्या खुर्चीवर बसा. लिफ्ट हललेलीच नाही, तर तुमचा नियम मोडलेला नाही."

आणि मग, मित्रांनो, माझं सुरू झालं. 'कृपया दरवाजा बंद करें. कृपया दरवाजा बंद करें.' वरून जाळ्या वाजायला लागल्या. "लिफ्ट सोडा!" "ओ, दरवाजा कोणी उघडा ठेवलाय?" दुसऱ्या मजल्यावरच्या सुनयना वाकून बघायला लागल्या. ऋता "मला लेट होतंय यार" करत जिन्याने खाली आली आणि आम्हाला बघून थबकली. एवढी माणसं माझ्यासमोर एकाच वेळी कधी जमली नव्हती. आणि हातातल्या मोबाइलकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

सहाव्या मजल्यावरून नंदकिशोर उतरले. जिन्याने. धापा टाकत, कपाळ पुसत. "वहिनी, काय प्रकार आहे हा?"

झालं! तेच ते समोर आले.  स्मिताताईंनी घसा खाकरला. मी आतून ओरडत होते, बोला हो, बोला! आणि त्यांच्या तोंडून निघालं, "आज फारच... फारच उकडतंय, नाही?"

ऋता खुदकन हसली. दोघं-तिघं हसले. स्मिताताईंचा चेहरा पडला. त्यांनी मान वळवली, आणि आरशात त्यांना त्या स्वतःच दिसल्या. शेजारी प्रेमला दिसली, खाली मान घालून, चपला हातात धरून. चपला तिने लिफ्टमध्ये येतानाच काढल्या होत्या, चकचकीत फरशी घाण होऊ नये म्हणून.

"भाऊजी," स्मिताताई वळून म्हणाल्या, "मला हा नियम पटलेला नाही."

कुणी हसलं नाही.

"तुम्ही लिहिलंत, बाहेरच्या व्यक्ती. आमच्या यांना छातीत कळ आली त्या दिवशी खुर्चीतून इथूनच नेलं. यांचं डोकं सातव्या मजल्यापासून कुणी धरून ठेवलं होतं, आठवतंय? हिने. तुम्ही सगळे जिन्याने आलात, लिफ्टमध्ये जागा नव्हती म्हणून. मग ही बाहेरची कशी?"

"अहो वहिनी, हे तुम्ही मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं," नंदकिशोर जरा खाली आवाजात म्हणाले.

"हवं होतं. धीर झाला नाही. आज झालाय."

'कृपया दरवाजा बंद करें,' मी मध्येच म्हणाले. मला मेलीला कुठे थांबता येतं!

स्मिताताईंनी वर माझ्या डबीकडे बघितलं. इतक्या वर्षांत माझ्याशी एक शब्दही न बोललेली ती बाई मला मोठ्याने म्हणाली, "नाही करणार!"

मित्रांनो, मला एवढी चपराक कुणी दिली नव्हती आणि एवढा आनंदही कधी झाला नव्हता.

सुनयना खाली आल्या आणि माझ्यात येऊन प्रेमलाशेजारी उभ्या राहिल्या.  शेवटी नंदकिशोर आत आले आणि त्यांनी ती सूचना ओढून काढली. 'पुढच्या मीटिंगपर्यंत,' असंही म्हणाले. पण ती मीटिंग झाली तेव्हा मागच्या रांगेतून स्मिताताई उभ्या राहिल्या, आणि सूचना काही परत लागली नाही. जोतीरामची खुर्ची अजून गेटपाशीच आहे.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. काहीजण अजून स्मिताताईंशी बोलत नाहीत. त्या आत आल्या की एखादं माणूस 'तुम्ही व्हा पुढे' म्हणून बाहेरच थांबतं. तेव्हा त्या आरशात बघून एकट्याच हसतात, जरा कष्टानेच. आता त्या आरशासमोर उजळणी करत नाहीत. मला त्या उजळणीचीही आठवण येते, खरं सांगते.

आता पुढच्या महिन्यात मला काढणार आहेत. माझ्या जागी नवी लिफ्ट येतेय, काचेची, आवाज न करणारी. तिचा दरवाजा म्हणे आपोआप बंद होतो. कुणाला विचारत नाही, कुणाला सांगत नाही. परवा प्रेमलाला हे कळलं, तेव्हा ती माझी जाळी हळूच लावत म्हणाली, "मंग मी आता बोलू कुनाशी गं?" मला उत्तर देता आलं नाही. दरवाजा लागलेला होता.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते, मित्रांनो. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा असं मी म्हणणार नाही, माझे दिवस भरले. पण आपोआप बंद होणारा दरवाजा कुणाच्या तोंडावर लागताना दिसला, तर पिशवी असेल तर पिशवी आणि नसेल तर पाय मध्ये घाला. आवाज थरथरला तरी चालेल. सुरुवातीला तोंडातून 'उकडतंय' निघालं तरी चालेल. पण पुढचं वाक्य बोला. नव्या लिफ्टला तर एकही वाक्य येणार नाही.