अज्जी कुठल्या भाषेत बोलणार?

डोंबिवलीचे त्र्यंबकराव आगाशे भाषावार राज्यांचे एवढे कडवे पुरस्कर्ते, की त्यावर बोलताना हातातला चहा गार होऊन जाई. त्यामुळे त्यांच्या सरोजने ठाण्यात ड्राफ्ट्समन असलेल्या, उडुपीच्या वादिराजशी लग्न करायचं म्हटलं, तेव्हा त्यांनी मुलाचा पगारसुद्धा विचारला नाही. आधी पेपर उघडला.

"उडुपी गेल्या नोव्हेंबरात म्हैसूर राज्यात गेलं. म्हणजे कन्नड! एक राज्य, एक भाषा. सरोज, लाग कामाला."

सरोज लागली. डोंबिवलीतच राहणाऱ्या, पण धारवाडला वाढलेल्या उत्तरामावशींकडे चार महिने रोज संध्याकाळी धडे गिरवले, आणि वादिराजला ताकास तूर लागू दिली नाही. त्याच्या घरच्यांचा होकार होता, पण शेवटचा शब्द अज्जीचा, म्हणजे त्याच्या आजीचा. ती नाही म्हणाली की संपलं. आणि आता अज्जी स्वतः मुलगी बघायला येणार होती. वादिराज राहायचा एका खोलीत तिघांत, म्हणून दोन दिवस मुक्काम आगाश्यांकडेच.

अज्जी आली. लाल आलवण, काटकुळी, नजर मात्र सुईसारखी. सरोजने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बन्नी अज्जी, कूतुकोळ्ळी."

या अज्जी, बसा. म्हातारीने तिला एकदा नीट न्याहाळलं आणि कन्नडमध्येच उत्तर दिलं. सरोजने प्रवासाचं विचारलं, उत्तर कन्नडमध्ये. पाण्याचं विचारलं, तेही कन्नडमध्ये. सरोजला तर आकाश ठेंगणं झालं. त्र्यंबकराव असे मिरवत होते, जणू म्हैसूर राज्य त्यांनीच जिंकून आणलंय.

वादिराजचा चेहरा तेवढा उतरला होता. तो सरोजला स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेला.

"हे कुणी सांगितलं तुला? अगं, आमच्या घरात तुळू बोलतात. कन्नड शाळेत, देवळात, आणि परक्या माणसांशी. दुकानात कोंकणी, बंदरावरच्या व्यापाऱ्यांशी ब्यारी. अज्जीला चारही येतात, पण तुळू ती फक्त आपल्या माणसांशी बोलते. बेळगावच्या माझ्या काकूशी तीन वर्षं कन्नडच बोलत होती!"

"एका जिल्ह्यात चार?" मागे उभ्या त्र्यंबकरावांच्या हातातला पेपर खाली आला. "पेपरात तर असं काही नव्हतं!"

"मग मला तुळू शिकव," सरोज म्हणाली. "आज, आत्ता!"

"तू शिकून काय उपयोग? तू आपली आहेस, असं तिला वाटायला हवं."

दोन दिवस अज्जी कन्नडच बोलली. गोड, नीटस, परकं कन्नड. हो नाही, नाहीही नाही. चार महिने घासून आपणच आपल्याला पाहुणी करून घेतली, या विचाराने सरोजला रडू येत होतं.

निघायच्या दिवशी सकाळी वादिराज अज्जीला न्यायला आला. अज्जीची आंघोळ झाली होती, सोवळं नेसून झालं होतं. दुसऱ्याच्या हातचं पाणी चालत नाही, म्हणून ती स्वतःच कळशी घेऊन मागच्या विहिरीवर गेली. सरोज तिथेच भांडी घासत बसली होती. अज्जीचं पाऊल शेवाळलेल्या दगडावर पडताना तिने पाहिलं, आणि कन्नड, सोवळं, लग्न सगळं विसरली.

"अहो आजी, तिकडे नको!"

राखेने भरलेल्या दोन्ही हातांनी तिने म्हातारीला कमरेला घट्ट धरून मागे ओढलं. कळशी धाडदिशी विहिरीत गेली.

मग सरोजच्या लक्षात आलं. सोवळ्यातल्या बाईला शिवली होती ती, तेही खरकट्या हातांनी! आई दारातच तोंडावर हात ठेवून थिजली. वादिराज धावत आला.

अज्जीने आलवणावरचे राखेचे पंजे पाहिले. आणि तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! हातवारे करत, डोळे वटारत, श्वास न घेता. दोन दिवस मोजून मापून बोलणारी ही बाई कुठे आणि ही कुठे! सरोज कान देऊन ऐकत होती, पण चार महिन्यांतला एक शब्द त्यात सापडेना.

"माफ करा हो," आई पुढे झाली.

"काकू, थांबा!" वादिराज दाराची चौकट धरून हसत होता, आणि डोळे पुसत होता. "बोलू दे तिला. सरोज, अगं, तुळू! ती तुला तुळूत शिव्या देतेय!"

अज्जीने पोहरा सरोजच्या हातात कोंबला, पुन्हा आंघोळीचं पाणी काढ म्हणून विहिरीकडे बोट केलं, आणि बोलणं तसंच चालू ठेवलं. सरोज दोर ओढत राहिली. तिला एक अक्षर कळत नव्हतं, आणि अज्जीने इतक्यात गप्प होऊ नये असं वाटत होतं.