सरळ रेषेत अकरा किलोमीटर

पट्टीची शून्याकडची कड झिजून गोल झाली होती, म्हणून ती एकच्या आकड्यापासून मोजायची आणि शेवटी एक वजा करायची — बोटांना ते आता सांगावं लागत नसे. नकाशावर खाडीच्या अलीकडे रुग्णालय, पलीकडे गाव. साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे अकरा किलोमीटर. तिने पुन्हा मोजलं. अकराच.

घर वीस किलोमीटरच्या पलीकडे असेल तरच विभागीय आरोग्य मंडळाची गाडी मिळते. डायलिसिस मंडळाकडून, मोफत, आठवड्यातून तीनदा. तिथवर पोचायचं मात्र ज्याचं त्याने.

आज टेबलावर आलेला अर्ज आईचा होता.

आणि नियम तिचा. तीन वर्षांपूर्वी अंतर रस्त्याने धरायचे, तेव्हा रोज भांडणं — जुना रस्ता की नवा, पुलावरून की वळसा घालून... पोटात सात महिन्यांची लेक घेऊन बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, सरळ रेषेशी कोणाला वाद घालता येत नाही. कचेरीच्या मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत कौतुक केलं. त्या संध्याकाळी तिने आईला फोन करून हे सांगितलं होतं, आणि आई, कसली रेषा नि कसलं अंतर काही न कळता, किती हरखली होती.

खाडीवर पूल एकच, तोही पार वरच्या अंगाला. रस्त्याने छत्तीस किलोमीटर, दोन बस. तिला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच? माहेरी जाताना लेक दर वेळी त्या दुसऱ्या बसमध्येच ओकायची, आणि ती तिची घामेजलेली इवलीशी मान पुसत बसायची. पण माहेरचा रस्ता वेगळा, नकाशा वेगळा... पलीकडचे एकोणीस अर्ज मी याच पट्टीने परत पाठवले. एक म्हातारा खिडकीशी वाकून म्हणाला होता, "बाई, मग पोहत जाऊ का?" सगळी कचेरी हसली. मीही हसले. विनोद चांगला होता.

'नात्यातलं कोणी मंडळात नोकरीला आहे का?' या रकान्यात आईने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं — कोणी नाही. अक्षर थरथरतं, पण दोनदा गिरवलेलं. लेकीवर कोणी बोट ठेवू नये म्हणून. कोणी नाही.

दुपारी ती मोठ्या बाईंकडे गेली. आई आहे हे बोलली नाही. खाडीपलीकडची एक केस आहे, म्हणाली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. नियम चुकला असं लेखी द्या, मी वर पाठवते, म्हणाल्या. पण मग आधीचे एकोणीसही उघडावे लागतील, आणि त्यांतले किती जण अजून... वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "सगळ्यांवर सही तुमची आहे. बघा बुवा."

जागेवर येऊन तिने आईला फोन लावला. अर्ज आपल्याकडे आलाय एवढंच तिने सांगितलं, बाकीचं आईलाच कळलं.

"तुझ्याच टेबलावर येईल असं वाटलं नव्हतं गं मला. नाही बसत ना नियमात? राहू दे. मला बसमध्ये खिडकी मिळते. परत येताना जरा गरगरतं, पण कंडक्टर ओळखीचा झालाय, हात धरून उतरवतो. तू नोकरी सांभाळ, पोरीकडे बघ."

तिला हलकं वाटलं.

आधी हलकं वाटलं, लाज मागून आली — या क्रमाकडे ती बघतच राहिली. आणि मग जो राग वर आला तो नियमावर नव्हता, बाईंवरही नव्हता. आईवर होता. एकदा तरी मागायचं होतंस. माझी लेक तिथे बसते, असं ओरडून सांगायचं होतंस. इतकं सोपं का करून दिलंस मला...

"ऐकतेयस ना गं?"

"हो," ती म्हणाली, आणि त्या 'हो'मध्ये तिला खिडकीशी अर्ज परत देतानाचा आपला आवाज ऐकू आला — मऊ, समजूतदार, पलीकडच्याने निमूट निघून जावं असा.