काकूंची इंजेक्शनं सांभाळणारी पेटी

स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली, रिकाम्या बाटल्यांच्या आणि रद्दीच्या मागे एक निळी पेटी ढकलून ठेवलेली आहे. तिचं झाकण एके काळी पांढरंशुभ्र होतं, आता पिवळट झालं आहे. हँडल एका बाजूने चिकटपट्टीने बांधलं आहे. मित्रांनो, ती जुनी बर्फाची पेटी म्हणजे मी. अलीकडे माझ्यात कांदे ठेवतात. कांद्यांशी माझं काही वैर नाही. पण ज्या पोटात इतकं नाजूक औषध सांभाळलं, त्याच पोटात कांदे बघून मन खट्टू होतं. असो. माझं रडगाणं बाजूला ठेवते आणि तुम्हाला काकूंची गोष्ट सांगते, कारण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं जे काही आहे ते त्यांचंच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या दोन भिंती एकमेकींत बसवून मधल्या पोकळीत फेसासारखं काहीतरी ओतलं. ते फुगलं, भिंतींना चिकटलं आणि घट्ट झालं. त्यामुळे बाहेरची ऊब आत शिरत नाही आणि आतला गारवा बाहेर पळत नाही. तपासणी करणाऱ्या माणसाने मला दोन्ही बाजूंनी थोपटून पाहिलं आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. पुढे दुकानाच्या फळीवर मी बरेच दिवस धूळ खात पडले. माझ्या शेजारच्या रंगीबेरंगी पेट्या पटापट उचलल्या जात होत्या. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा फार हेवा वाटायचा.

शेवटी मला घेतलं ते काकांनी. काका लांब पल्ल्याची बस चालवायचे. त्यांच्या सीटच्या मागे माझी जागा ठरलेली होती. पाण्याच्या बाटल्या, काकड्या, कधी सरबत. एखादं मूल उकाड्याने किरकिरायला लागलं की काका त्याच्या आईला म्हणायचे, “घ्या, आमच्या पेटीतलं गार पाणी घ्या.” ते ‘आमच्या’ ऐकून मला मूठभर मांस चढायचं.

काकांच्या बायकोला सगळी गल्ली चष्मेकाकू म्हणायची. त्यांचं चष्मेदुरुस्तीचं एवढंसं दुकान होतं. एक टेबल, एक दिवा, एक भिंग आणि स्क्रूंच्या डब्या. चष्म्याचा स्क्रू म्हणजे मुंगीच्या डोक्याएवढा, पण काकू बोलता बोलता तो जागच्या जागी बसवायच्या. वाकडी दांडी सरळ करायच्या, निसटलेली काच बसवायच्या. गिऱ्हाईक चष्मा लावून आरशात बघायचं आणि काकू त्या गिऱ्हाइकाकडे बघत बसायच्या. लोकांना नीट दिसायला लागलं की त्यांना मनापासून आनंद व्हायचा.

काकूंची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध होती. त्यांना कुणी कधीही ‘कशा आहात?’ म्हणून विचारलं की उत्तर एकच, ‘झकास!’ अंगात ताप असो की पाय मुरगळलेला असो, झकास! आपलं दुखणं चारचौघांत मांडायचं नाही, अशी त्यांच्या माहेरची शिस्तच होती. काका चिडवायचे, “हिला ट्रकने उडवलं ना, तरी ही पडल्या पडल्या झकास म्हणेल.” आम्ही सगळे हसायचो. काकूही हसायच्या.

मग एका वर्षी काकूंची बोटं सुजायला लागली. आधी सकाळी आखडायची, मग दिवसभर ठणकायची. डॉक्टरांनी संधिवात असल्याचं सांगितलं. साधा नव्हे, सांधे आतून खाणारा. त्यावर एक इंजेक्शन होतं, दर पंधरवड्याला घरच्या घरी टोचून घ्यायचं. पण ते इतकं महाग की काकांचा पगार त्यातच संपला असता. नशिबाने काकांच्या नोकरीमुळे घराला आरोग्य विमा होता. तेव्हा सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

प्रश्न कसला मिटतो! विमा कंपनीचा नियम होता की आधी स्वस्त गोळ्या घ्यायच्या. त्यांनी गुण आला नाही तर दुसऱ्या गोळ्या. त्यांनीही आला नाही, तरच इंजेक्शन. काकूंनी गोळ्या घेतल्या, त्यांचं पोट बिघडलं, केस गळले, आणि बोटं होती तशीच राहिली. डॉक्टर पत्रं लिहायचे, औषधांच्या दुकानातल्या ताई फोन करायच्या. या ताई भल्या होत्या. फोन कानाला लावून तासन्‌तास थांबायच्या, आणि तेवढ्यात दहा गिऱ्हाइकांची औषधंही काढून द्यायच्या. एक दिवस त्यांनी काउंटरवरूनच आवाज दिला, “काकू, मंजूर झालं!” काकांचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी माझं नशीब उघडलं, मित्रांनो. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, आणि दुकानातून घरी नेतानाही गारच राहायला हवं. ताईंनी काकूंना नीट समजावलं. बर्फाची पाकिटं तळाशी आणि बाजूंना, मध्ये टॉवेलची घडी, आणि घडीत औषध. बर्फाला चिकटलं तर गोठून वाया जातं, बर्फ कमी पडला तर तापून वाया जातं. मला पाहून त्या म्हणाल्या, “पेटी चांगली आहे हो तुमची. जपा हिला.” मी तर हवेतच तरंगायला लागले. सरबत कुठे आणि हे औषध कुठे! त्यापुढच्या फेऱ्यांत मी एकही इंजेक्शन खराब होऊ दिलं नाही.

हळूहळू काकूंची सूज उतरली. दुकान पुन्हा दिवसभर उघडं राहू लागलं. सगळं जुन्यासारखं झालं नव्हतं. सकाळी उठल्यावर बराच वेळ बोटं वळायची नाहीत, शटर काका उघडून द्यायचे आणि मगच डेपोवर जायचे. पण काकू काम करत होत्या. घरात पुन्हा थट्टामस्करी ऐकू यायला लागली.

विम्याची मंजुरी वर्षापुरती होती. वर्ष संपत आलं तेव्हा कंपनीच्या नर्सचा फोन आला. तो दिवस औषध आणायचा होता, म्हणून मी दुकानातच, टेबलाखाली होते. काकूंच्या समोर एक नवीन गिऱ्हाईक उभं होतं, हातात भारी किमतीची मोडकी फ्रेम घेऊन. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईची बोटं आखडतात तिच्या हातात अशी फ्रेम कोण देईल?

“कशा आहात, बाई?” नर्सने विचारलं.

“झकास!”

“सकाळी बोटं आखडतात का?”

“छे हो.”

“रोजची कामं एकटीने जमतात?”

“जमतात म्हणजे काय? दुकानाचं शटर एका हाताने वर करते मी!”

“छान. अशाच राहा,” असं म्हणून नर्सने फोन ठेवला. गिऱ्हाइकाने फ्रेम काकूंच्या हातात दिली. काकू खूश झाल्या.

संध्याकाळी आम्ही औषधाच्या दुकानात गेलो. ताई काँप्युटरकडे बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, “काकू, कंपनीने नाही म्हटलंय.”

“नाही म्हणजे?”

“पुढची मंजुरी देत नाहीत. म्हणतात, बाई बऱ्या आहेत, औषधाची गरज दिसत नाही. फोनवर तुम्हीच सांगितलंत म्हणे.”

“अहो, पण मी बरी आहे ती या इंजेक्शनामुळेच ना! चष्म्यातून स्वच्छ दिसतंय म्हणून चष्माच काढून घ्यायचा, हा कुठला न्याय?”

“मला पटतंय हो. पण पटायला हवं ते त्यांना. डॉक्टर त्यांच्याकडून पत्र लिहितील, आपण अपील करू. पण तुम्ही स्वतः फोन करा आणि जे खरं आहे ते सांगा. दुखतं, आखडतं, सगळं सांगा.”

काकूंनी “बघते” म्हटलं आणि मला उचललं. माझ्यात बर्फाची पाकिटं होती, टॉवेल होता, आणि घडीत काहीच नव्हतं. घरी पोचेपर्यंत ती पाकिटं उगाचच वितळत होती. इतकी निरुपयोगी मी दुकानाच्या फळीवरही नव्हते.

काकूंनी फोन केला नाही. काका रोज मागे लागायचे.

“अगं, एक फोन तर करायचाय. तोंडाने नुसतं सांगायचंय.”

“काय सांगू? तेव्हा खोटं बोलले म्हणून? त्यांनी ते रेकॉर्ड केलंय. मला खोटारडी म्हणतील.”

“म्हणू देत की! तुझी बोटं मोठी की तुझा ताठा?”

“अहो, मला नाही जमत असं रडायला. सोडा तो विषय.”

डॉक्टरांनी अपील पाठवलं, पण ते परत आलं. डॉक्टर म्हणतात बोटं आखडतात, आणि पेशंट स्वतः म्हणते झकास, मग खरं काय, असं कंपनीने विचारलं होतं. तोवर गोळ्यांवर भागवा, असंही कळवलं होतं. काकू मुकाट्याने गोळ्या घेत राहिल्या. आठवडे गेले, मग महिने. मी ओट्याजवळ रिकामी पडून होते, आणि काकूंची बोटं माझ्या डोळ्यांदेखत फुगत होती. भाजी चिरताना सुरी सुटायची. केस विंचरताना हात अर्ध्यावर थांबायचा. कुणी दाराशी आलं की त्या हात पदराखाली घ्यायच्या. मला तेव्हा इतका राग यायचा! कंपनीचा तर यायचाच, पण काकूंचाही यायचा. आणि राग ओसरला की फार वाईट वाटायचं.

मग एके दिवशी दुकानात काकूंच्या हातून एका शिक्षकांच्या चष्म्याची काच निसटली आणि फुटली. शिक्षक जुने गिऱ्हाईक होते. ते रागावले नाहीत. उलट “होतं असं” म्हणाले. पण दुसरा चष्मा दाखवायला म्हणून खिशातून काढला होता, तो त्यांनी तसाच परत खिशात ठेवला.

काकू दुकान बंद करून घरी आल्या. कसल्या सवयीने कोण जाणे, त्यांनी मला उचललं आणि तडक औषधाच्या दुकानात गेल्या. “ताई, लावा फोन,” म्हणाल्या. ताईंनी फोन लावला. पलीकडे तेच तेच संगीत वाजत राहिलं. काउंटरवर फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला, मागे गिऱ्हाइकांची रांग, आणि काकू माझ्या हँडलला धरून उभ्या. शेवटी नर्स बोलली, “कशा आहात?”

“बरी नाही मी,” काकू म्हणाल्या. “केस विंचरता येत नाहीत. कपड्यांची बटणं नवरा लावून देतो. शटर मी उघडत नाही, तेच उघडतात. मागच्या वेळी खोटं बोलले. समोर गिऱ्हाईक उभं होतं हो.”

नर्स मऊ आवाजात म्हणाली, “बाई, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. आता लिहून घेते मी. वेळ लागेल, पण पाठवते वर.”

वेळ लागला. कंपनीच्या डॉक्टरांनी काकूंच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं, नव्याने तपासण्या मागवल्या, पुन्हा फोन झाले. आणि एका दुपारी मंजुरी आली. काका कामावर होते, म्हणून काकू एकट्याच औषध घेऊन आल्या. ताईंनीच सगळं भरून दिलं होतं, तळाशी बर्फ, मध्ये टॉवेल, घडीत इंजेक्शन. पोट भरलेलं असण्याचं सुख मला किती दिवसांनी मिळालं होतं!

घरी येऊन काकूंनी मला मांडीवर घेतलं. माझ्या झाकणाला एक कडी आहे, अंगठ्याने वर ढकलली की उघडते. काकूंनी अंगठा ठेवला. तो घसरला. दुसऱ्या हाताचा ठेवला. तोही घसरला. बोटं एका बाजूला वळली होती, अंगठ्यात जोर उरला नव्हता. मी कडी सैल सोडण्याचा जिवापाड प्रयत्न केला, पण पेटीच्या हातात काय असतं? औषध माझ्या पोटात होतं, काकूंचे हात माझ्यावर होते, आणि मध्ये एवढीशी कडी होती. काकू तशाच बसून राहिल्या. संध्याकाळी काका आले तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, मला ही उघडत नाही.” काकांनी एका अंगठ्याने मला उघडलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

इंजेक्शनांनी पुढे सूज उतरली, ठणका थांबला. पण वाकडी झालेली बोटं सरळ करायचं औषध माझ्या पोटात नव्हतं, आणि ते कुठेच नसतं असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी दुकान दुसऱ्याला दिलं. आता औषधवाले इंजेक्शन त्यांच्याच थंड पिशवीतून घरपोच देतात, म्हणून माझ्या वाट्याला कांदे आले. काकू खिडकीशी बसतात. रस्त्याने चष्मा लावलेलं कुणी गेलं की त्याच्या दांडीकडे बघतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी असेल जे विचारल्यावर हसून वेळ मारून नेतं. त्यांच्या उत्तरावर भागवू नका. जवळ बसा, त्यांचा हात हातात घेऊन बघा. विमा कंपनीचा फोन आला तर त्यांच्या शेजारी थांबा. आणि कधी तुमच्यावरच वेळ आली, तर समोर कोण उभं आहे ते बघू नका. दुखत असेल तर दुखतं म्हणा. लवकर म्हणा.